मुदत कशाचीच संपली नव्हती: टॉमकॅटवरील प्रमाणपत्र-बिघाडाच्या प्रकल्प नोंदी

प्रकल्प: एका शिक्षणसंस्थेच्या शुल्कभरणा संकेतस्थळाची देखभाल. यंत्रणा: सेंटओएस ७ (लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली), टॉमकॅट ९ (जावात लिहिलेली संकेतस्थळे चालवणारा सर्व्हर), जावा ८.

मंगळवार, १८ जून २०२४

शुल्क भरलेल्या विद्यार्थ्यांना पावतीचा संदेश मिळत नाही, अशी तक्रार आज सकाळी संस्थेच्या लेखा विभागाकडून आली. पैसे जमा होतात आणि त्यांची नोंदही डेटाबेसमध्ये होते, पण बाहेरच्या संदेशसेवेकडे जाणारी विनंती अडते. लॉगमधील पहिली त्रुटी शनिवारी, १५ जूनच्या पहाटेची आहे. मधे रविवार आणि सोमवारची बकरी ईदची सुट्टी आल्यामुळे तीन दिवस ती कोणाच्या नजरेस पडली नाही. प्रवेशाच्या हंगामात पावती हाती नसलेल्या पालकाला आपले पैसे बुडाले की काय अशी धास्ती वाटते, त्यामुळे हे काम सर्वांत वर घेतले आहे.

त्रुटीचा मजकूर जावावर काम करणाऱ्यांच्या ओळखीचा आहे: ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ आणि त्यापुढे ‘अनेबल टू फाइंड व्हॅलिड सर्टिफिकेशन पाथ टू रिक्वेस्टेड टार्गेट’. समोरच्या सर्व्हरने आपली ओळख पटवण्यासाठी दाखवलेल्या प्रमाणपत्रापासून निघून, आपण ज्याच्यावर आधीच विश्वास ठेवला आहे अशा एखाद्या प्रमाणपत्रापर्यंत पोहोचणारी सह्यांची साखळी जावाला जोडता आली नाही, एवढेच हे वाक्य सांगते. साखळी नेमकी कोठे तुटली, समोरच्याकडे की आपल्याकडे, हे त्यावरून कळत नाही.

पहिला संशय अर्थातच मुदतीवर गेला. ब्राउझरमध्ये सेवेचा पत्ता उघडला, तर कुलूप व्यवस्थित दिसत होते. मग सर्व्हरवरूनच ओपनएसएसएल या प्रमाणपत्रे हाताळणाऱ्या साधनाच्या एस-क्लायंट आदेशाने जोडणी करून पाहिली, तेव्हा भलत्याच नावाचे प्रमाणपत्र समोर आले आणि दुपारचा बराच वेळ त्या चुकीच्या वाटेवर गेला. सेंटओएस ७ वरील ओपनएसएसएल १.०.२ या मालिकेतील आहे आणि आपण ‘सर्व्हरनेम’ हा पर्याय स्वतः दिल्याशिवाय हे जुने साधन आपल्याला कोणते यजमाननाव हवे आहे ते समोरच्याला सांगत नाही. एकाच आयपी पत्त्यावर अनेक संकेतस्थळे असली, की अशा वेळी त्या सर्व्हरचे ठरावीक प्रमाणपत्र हाती पडते. पर्याय देऊन पुन्हा पाहिले, तेव्हा योग्य प्रमाणपत्र मिळाले: लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेने दिलेले, १५ जूनपासून लागू झालेले, नाव बरोबर असलेले. सोबत मधले प्रमाणपत्र (सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर सही करणारे आणि त्याला सर्वांत वरच्या, मूळ प्रमाणपत्राशी जोडणारे) म्हणून आर११ आले होते. समोरच्याकडून येणाऱ्या साखळीत काहीही कमी नाही.

नवे प्रमाणपत्र लागू होण्याची तारीख आणि आपली पहिली त्रुटी यांचा दिवस एकच आहे. हा योगायोग असेल असे वाटत नाही.

बुधवार, १९ जून २०२४

दिवस फुकट गेला असे म्हणणार नाही, पण दोन चुका झाल्या आणि त्या दोन्ही लिहून ठेवण्याजोग्या आहेत.

सकाळी एका सहकाऱ्याने संदेशसेवेचे प्रमाणपत्र उतरवून घेतले आणि कीटूल या जावासोबतच्या साधनाच्या मदतीने जावाच्या सीएसर्ट्स फाइलमध्ये, म्हणजे तिच्या विश्वासयादीत, घातले. टॉमकॅट पुन्हा सुरू केला, तरी त्रुटी तीच. दुपारी मी कीटूलचा पूर्ण मार्ग तपासला, तेव्हा ते जावा ११ चे निघाले. या यंत्रावर दोन जावा आहेत. दोन वर्षांपूर्वी अहवालांच्या एका साधनासाठी ऑप्ट निर्देशिकेत जावा ११ उतरवून ठेवले होते आणि आमच्या वापरकर्त्याच्या जावाहोम चलात (कोणते जावा वापरायचे ते सांगणाऱ्या नोंदीत) त्याचाच मार्ग आहे. टॉमकॅटची सेवा मात्र प्रणालीच्या जावा ८ वर चालते. आम्ही टॉमकॅट कधीही उघडणार नाही अशा फाइलमध्ये प्रमाणपत्र ठेवले होते. चालू प्रक्रियेचा क्रमांक घेऊन प्रॉक निर्देशिकेतील तिचा ‘एक्सी’ हा दुवा पाहिला, की ती कोणत्या जावावर चालते आहे ते निःसंशय कळते. हे सकाळी सर्वांत आधी करायला हवे होते.

मग तेच प्रमाणपत्र जावा ८ च्या सीएसर्ट्समध्ये घातले. जावा ८ मध्ये ही फाइल जेआरई निर्देशिकेखालील लिब आणि त्याखालील सिक्युरिटी येथे असते. जावा ९ पासून जेआरई ही वेगळी पायरी राहिलेली नाही. विश्वासाची यादी जावा चालू प्रक्रियेत एकदाच वाचते, म्हणून टॉमकॅट पुन्हा सुरू केला. त्रुटी तशीच राहिली.

दुसरी चूक यातच होती. सेंटओएसवर जावा ८ ची सीएसर्ट्स ही स्वतंत्र फाइल नसून प्रणालीच्या एकत्रित विश्वासयादीकडे नेणारा दुवा आहे आणि ती यादी ‘अपडेट-सीए-ट्रस्ट’ हा आदेश दर वेळी नव्याने तयार करतो. तिच्यात हाताने घातलेली नोंद पुढच्या अद्ययावतीकरणात कोणालाही न सांगता पुसली जाते. त्यामुळे आजचा उपाय लागू पडला असता, तरी काही आठवड्यांनी बिघाड परतला असता आणि तेव्हा कारण शोधणे आणखी अवघड झाले असते. शिवाय समोरच्याचे स्वतःचे प्रमाणपत्रच विश्वासयादीत ठेवणे मुळातच बरोबर नाही. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रे ९० दिवसांची असतात आणि बहुतेक ठिकाणी ती साठाव्या दिवसाच्या सुमारास आपोआप बदलली जातात. दर दोन महिन्यांनी आपण ती हाताने बदलत बसणार का? दोन्ही ठिकाणच्या नोंदी काढून टाकल्या आणि यंत्र सकाळच्या स्थितीला आणले.

गुरुवार, २० जून २०२४

कारण सापडले.

सकाळी एक लहान जावा कार्यक्रम लिहिला, जो संदेशसेवेचा पत्ता उघडतो आणि उत्तराचा क्रमांक छापतो, बाकी काही नाही. टॉमकॅट ज्या जावा ८ वर चालतो त्याच जावाने, त्याच वापरकर्त्याच्या खात्यातून तो चालवला, तर जोडणी पहिल्याच प्रयत्नात झाली. म्हणजे जावाची आवृत्ती निर्दोष, प्रणालीची विश्वासयादी निर्दोष, समोरची साखळीही निर्दोष. लेट्स एन्क्रिप्टचे आयएसआरजी रूट एक्स१ हे मूळ प्रमाणपत्र ओरॅकलच्या जावा ८ मध्ये अद्ययावत आवृत्ती १४१ पासून आहे आणि या यंत्राच्या प्रणालीच्या यादीतही ते आहेच. फरक उरतो तो एकच: टॉमकॅट सुरू करताना त्याला काय सांगितले जाते.

टॉमकॅट सुरू होताना आपली आवृत्ती, जावाचा मार्ग आणि जावाला दिलेला प्रत्येक पर्याय लॉगमध्ये ओळीने लिहितो. त्या ओळी आम्ही इतक्या वेळा पाहिल्या आहेत, की आता डोळा त्यांवर थांबतच नाही. आज थांबलो, तर तेथे ‘जावाएक्स डॉट नेट डॉट एसएसएल डॉट ट्रस्टस्टोअर’ हा पर्याय होता आणि त्याचे मूल्य कॉन्फ निर्देशिकेतील एका वेगळ्याच फाइलचा मार्ग होते. टॉमकॅट सुरू होताना वाचली जाणाऱ्या, बिन निर्देशिकेतील सेटएन्व्ह फाइलमध्ये कोणीतरी पूर्वी ही ओळ घातली आहे. हा पर्याय दिला, की जावा आपली नेहमीची यादी बाजूला ठेवते आणि केवळ दिलेली फाइल वाचते. दोन्ही याद्या एकत्र केल्या जातात असा समज फार ठिकाणी आढळतो, पण तसे होत नाही.

त्या फाइलमध्ये दोनच नोंदी निघाल्या. एक संस्थेच्या अंतर्गत विद्यार्थी-नोंद सर्व्हरसाठी संस्थेने स्वतः तयार केलेले मूळ प्रमाणपत्र, आणि दुसरी लेट्स एन्क्रिप्टचे मधले प्रमाणपत्र आर३.

आता सारे जुळते. जावाच्या दृष्टीने विश्वासयादीत ठेवलेले कोणतेही प्रमाणपत्र हा विश्वासाचा शेवटचा टप्पा असतो. ते मूळ प्रमाणपत्र असलेच पाहिजे असे बंधन नाही. संदेशसेवेची आजवरची प्रमाणपत्रे आर३ ने सही केलेली होती, म्हणून साखळी आर३ पर्यंत पोहोचली की जावा समाधानाने थांबत असे. लेट्स एन्क्रिप्टने ६ जून २०२४ पासून नवी प्रमाणपत्रे आर१०, आर११ अशा नव्या मधल्या प्रमाणपत्रांच्या सहीने द्यायला सुरुवात केली आणि हा बदल आधी जाहीरही केला होता. मधले प्रमाणपत्र कोठेही पक्के धरून ठेवू नका, असा त्यांचा सल्लाही पूर्वीपासून आहे. संदेशसेवेचे नूतनीकरण १५ जूनला झाले, सही आर११ ची आली, आणि आमच्या दोन नोंदींच्या यादीतून तेथवर जाणारी वाटच नव्हती.

आम्ही दोन दिवस मुदत संपलेले काहीतरी शोधत होतो, पण मुदत कशाचीच संपलेली नव्हती. आर३ ची स्वतःची मुदत १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत आहे. त्यामुळे ती फाइल कोणी तपासली असती तरी तारखा पाहून ‘ठीक आहे’ असेच म्हटले असते.

फाइलवरील तारीख ऑक्टोबर २०२१ ची आहे. ३० सप्टेंबर २०२१ रोजी डीएसटी रूट सीए एक्स३ या जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि त्या आठवड्यात जुन्या यंत्रणांवर जगभर अशाच तक्रारी आल्या होत्या. त्या वेळी आमचे संकेतस्थळ एका जुन्या यंत्रावर होते आणि तेथील जावा ८ आवृत्ती १४१ च्या आधीची होती, हे जुन्या नोंदींत सापडले. त्या घाईत कोणीतरी आर३ हाताशी होते म्हणून ठेवले असावे आणि पुढे नवे यंत्र आले तेव्हा सेटएन्व्ह फाइल जशीच्या तशी उचलून आणली गेली असावी, असा माझा अंदाज आहे. ज्याने केले त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्या दिवशी त्याने सेवा चालू केली होती. हे का केले आणि केव्हा काढायचे याची एक ओळही त्याने मागे ठेवली नाही, याचे मात्र वाईट वाटते.

उपायावर संध्याकाळी बराच वेळ बोललो. आर११ त्या फाइलमध्ये घालणे हे पाच मिनिटांचे काम होते आणि तसा आग्रहही झाला. मी तो मान्य केला नाही. लेट्स एन्क्रिप्ट एकाच वेळी एकाहून अधिक मधली प्रमाणपत्रे वापरते आणि कोणाला कोणती सही मिळेल हे आधी सांगता येत नाही. ऑगस्टमधील नूतनीकरणात आर१० आले तर हाच बिघाड पुन्हा होणार. ट्रस्टस्टोअरचा पर्याय सरळ काढून टाकला तर संदेशसेवा चालेल, पण संस्थेच्या अंतर्गत सर्व्हरशी असलेली जोडणी तुटेल. म्हणून असे ठरले, की संस्थेचे मूळ प्रमाणपत्र प्रणालीच्या अँकर्स निर्देशिकेत ठेवायचे, अपडेट-सीए-ट्रस्ट चालवून ते एकत्रित यादीत आणायचे आणि त्यानंतरच पर्यायाची ओळ काढायची. या मार्गाने घातलेली नोंद पुढच्या अद्ययावतीकरणात पुसली जात नाही.

एक बोचणी राहते. संस्थेचे अंतर्गत प्रमाणपत्र आता या यंत्रावरील प्रत्येक कार्यक्रमासाठी विश्वासाचे ठरेल, फक्त त्या एका जोडणीसाठी नाही. खरे पाहता त्या जोडणीपुरती वेगळी विश्वासयादी कोडमध्येच बांधून द्यायला हवी. हे काम पुढच्या आवृत्तीसाठी नोंदवले आहे.

शुक्रवार, २१ जून २०२४

चाचणीच्या यंत्रावर सकाळी तालीम केली आणि दोन्ही जोडण्या झाल्या. रात्री साडेदहाला मुख्य यंत्रावर बदल केला. टॉमकॅट सुरू झाल्यावर आधी लॉगमधील पर्यायांच्या ओळी वाचल्या, ट्रस्टस्टोअरचा उल्लेख गेल्याची खात्री केली आणि मगच चाचणीचा संदेश पाठवला. तो पोहोचला. १५ तारखेपासून अडकलेल्या पावत्या टप्प्याटप्प्याने पुन्हा पाठवण्याचे काम लावून दिले. जुनी फाइल पुसली नाही. नाव बदलून, सोबत कारणाची टीप लिहून संग्रहात ठेवली आहे.

सोमवार, २४ जून २०२४

अडकलेल्या सर्व पावत्या गेल्या, असे लेखा विभागाने कळवले.

आज आढावा घेताना कोडच्या एका जुन्या शाखेत समोरचे प्रमाणपत्र स्वीकारायचे की नाही ते ठरवणारी अशी ट्रस्टमॅनेजर सापडली, की जिच्यातील ही तपासणी करणारी ‘चेकसर्व्हरट्रस्टेड’ पद्धत पूर्ण रिकामी आहे. तिच्या शेजारीच कोणत्याही यजमाननावाला होकार देणारा पडताळणीचा तुकडाही आहे. ही शाखा कधी मुख्य कोडमध्ये आली नाही, हे सुदैव. असा तुकडा घातला की त्रुटी त्याच क्षणी नाहीशी होते आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. वाहतूक सांकेतिक राहते, पण ती कोणाशी चालली आहे हे पाहणारे कोणी उरत नाही. मधल्या कोणत्याही यंत्राने आपले प्रमाणपत्र पुढे केले तरी जावा ते स्वीकारते आणि विद्यार्थ्याचे नाव, भ्रमणध्वनी व शुल्काची रक्कम त्याच्या हाती देते. त्रुटी ही येथे पहारेकऱ्याचे काम करत होती. गेल्या आठवड्यात तिने आम्हाला सहा दिवस अडवले हे खरे, पण तिला गप्प करून काम पुढे नेणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. शाखा काढून टाकली आणि कोड तपासणीत अशा रिकाम्या पद्धती अडवणारा नियम घातला.

बुधवार, २६ जून २०२४

आता उलट बाजूची तक्रार आली आहे. आमच्या स्वतःच्या संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राचे वार्षिक नूतनीकरण सोमवारी झाले. ते लेट्स एन्क्रिप्टचे नसून विकत घेतलेले आहे. कालपासून विद्यार्थ्यांच्या अँड्रॉइड ॲपमध्ये ‘ट्रस्ट अँकर फॉर सर्टिफिकेशन पाथ नॉट फाउंड’ अशी त्रुटी येते. ब्राउझरमध्ये मात्र सर्व काही चालते.

गेल्या आठवड्याचा अनुभव ताजा असल्यामुळे आज वेळ लागला नाही. कीटूलने कीस्टोअरची, म्हणजे आमची किल्ली आणि प्रमाणपत्रे ठेवलेल्या फाइलची, सविस्तर यादी मागितली, तर ‘सर्टिफिकेट चेन लेंथ’ पुढे १ हा आकडा होता. म्हणजे टॉमकॅट फक्त आमचे स्वतःचे प्रमाणपत्र पाठवतो आहे आणि मधले पाठवतच नाही. खासगी किल्ली आणि नवे प्रमाणपत्र एकत्र करून ओपनएसएसएलने पीकेसीएस१२ स्वरूपातील ही कीस्टोअर फाइल बनवताना, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने सोबत दिलेली मधल्या प्रमाणपत्रांची फाइल जोडायची राहून गेली होती.

ब्राउझरला हे जाणवत नाही याची कारणे आहेत. क्रोम हा ब्राउझर प्रमाणपत्रातच नमूद असलेल्या पत्त्यावरून हरवलेले मधले प्रमाणपत्र स्वतः आणून घेऊ शकतो, तर फायरफॉक्स ज्ञात मधल्या प्रमाणपत्रांचा साठा आधीच जवळ बाळगतो. अँड्रॉइड ॲपमधील नेहमीची जोडणी असे काही करत नाही. जावाही आपणहून करत नाही. ‘एनेबल एआयए सीए इश्युअर्स’ हा गुणधर्म मुद्दाम चालू केला तरच करते. म्हणून ब्राउझरमध्ये कुलूप दिसले की सर्व्हर निर्दोष आहे, हा निष्कर्ष काढता येत नाही, आणि मंगळवारी, १८ तारखेला मीही तो काही तास मनात धरून बसले होते. त्या वेळी तो योगाने खरा निघाला, एवढेच.

मधल्या प्रमाणपत्रांची फाइल जोडून पीकेसीएस१२ पुन्हा बनवली. क्रम महत्त्वाचा आहे: सर्वांत आधी आपले प्रमाणपत्र, त्यानंतर त्यावर सही करणारे, मग त्याच्यावर सही करणारे. मूळ प्रमाणपत्र पाठवण्याची गरज नसते, कारण समोरच्याकडे ते आधीच असेल तरच विश्वास ठेवला जाणार. यादीत आकडा ३ आला. टॉमकॅटच्या मॅनेजरमधील टीएलएसची (सांकेतिक जोडणीची) मांडणी पुन्हा वाचण्याच्या सोयीमुळे सेवा बंद न करता नवे कीस्टोअर लागू करता आले. गेल्या आठवड्यातला लहान जावा कार्यक्रम बाहेरच्या एका यंत्रावरून आमच्याच संकेतस्थळावर चालवला, जोडणी झाली. ॲपही पूर्ववत झाले.

शनिवार, २९ जून २०२४

सेंटओएस ७ चा आधार, म्हणजे अद्ययावतीकरणे मिळणे, उद्या, ३० जूनला संपतो. स्थलांतराचे काम मार्चपासून चालू होते आणि आज संकेतस्थळ नव्या यंत्रावर हलवले. तेथे जावा १७ आहे आणि एकच जावा आहे, दुसरे ठेवलेले नाही. सेटएन्व्ह फाइल जुन्या यंत्रावरून न आणता रिकाम्यापासून लिहिली. प्रत्येक ओळीच्या वर ती का आहे आणि कधी काढता येईल हे मराठीत लिहिले आहे. संस्थेचे अंतर्गत मूळ प्रमाणपत्र या वेळी प्रणालीच्या यादीत घातले नाही. त्या जोडणीपुरती स्वतंत्र विश्वासयादी कोडमध्ये बांधली असून गुरुवारची ती बोचणी त्यामुळे मिटली.

मंगळवार, २ जुलै २०२४

रोज पहाटे चालणारी तपासणी आजपासून लागू केली. ती तोच लहान जावा कार्यक्रम टॉमकॅटच्याच जावाने आणि टॉमकॅटच्याच पर्यायांसह चालवते, संदेशसेवा, अंतर्गत सर्व्हर आणि आमचे स्वतःचे संकेतस्थळ या तिन्ही ठिकाणी जोडणी करते, मिळालेल्या साखळीची लांबी आणि प्रत्येक प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याचे नाव लिहून ठेवते आणि कालच्यापेक्षा काही वेगळे दिसले तर आम्हा तिघांना संदेश पाठवते. केवळ मुदतीच्या तारखा मोजणारी जुनी तपासणी शेजारी चालू राहील, पण १५ जूनचा बिघाड तिला दिसला नसता.

संदेशसेवेचे पुढचे नूतनीकरण ऑगस्टच्या मध्यावर अपेक्षित आहे. त्या आठवड्यात मी कार्यालयात असेन अशी रजा मांडली आहे.